फुंकरबाबा आणि संत्र्याचा तोडा

वरूडच्या बाजार मैदानावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. ऐन संत्र्याच्या आंबिया बहाराचा हंगाम, पण माणसं तोडा, म्हणजे फळांची तोडणी, सोडून आली होती, कारण फुंकरबाबा आले होते. बाबांची विद्या सोपी. डोळ्यांवर फुंकर मारली की दिसतं, कानात मारली की ऐकू येतं, डोक्यावर मारली की वेड उतरतं. म्हशीच्या दुधासाठीही फुंकर होती म्हणे, पण म्हशींचा नंबर दुपारनंतर होता.

स्टेजवर कुबड्यांवर लोंबकळत एक जण आला. हा प्रीतम, बाबा माइकवर म्हणाले, बारा वर्षं याचा पाय जमिनीला लागला नाही, मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकले. मग बाबांनी गाल फुगवले, फू केलं, शंख वाजला, आणि प्रीतम कुबड्या भिरकावून असा नाचला की वरातीतल्या पोरांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी. बायाबापड्या रडू लागल्या.

पहिल्या रांगेत प्रणाली मात्र ओढणीआड हसत होती. सात वर्षांची असताना ती ट्रॅक्टरवरून पडली आणि डाव्या पायातला जोर गेला. चार वर्षं कुबड्या, मग कॅलिपर, म्हणजे पायाला पट्ट्यांनी बांधायचा लोखंडी आधार. तो बांधून ती रोज पॅकिंग शेडवर जायची आणि एका नजरेत संत्र्याची प्रत सांगायची.

शेजारी हंगामात तोड्याला जाणारी तिची आई सुभद्राबाई डोळे पुसत होती. हे असंच व्हायचं असतं, याची तिला खात्री होती. तिच्या प्रत्येक सिरीयलमधली पांगळी नायिका शेवटी देवळात घंटा वाजताच उठून उभी राहायची. एखादी खुर्चीत बसूनच लग्न का करत नाही, असं प्रणालीनं एकदा विचारलं होतं. मग सिरीयल संपंल कशी, असं आईचं उत्तर होतं.

एवढ्यात बाबांचं बोट प्रणालीकडे वळलं. पोरीनं पायातलं लोखंड काढून स्टेजजवळच्या पेटत्या धुनीत टाकावं, लोखंड गेलं की पायात देव येतो. सुभद्राबाई लगेच खाली वाकून पट्ट्या सोडू लागली. आता मात्र प्रणालीचं हसू पळालं. मागचा कॅलिपर मोडला तेव्हा अमरावतीहून नवा यायला आठ महिने लागले होते, आणि लहानपणीच्या कुबड्या आखूड झाल्यानं ते आठ महिने तिनं खाटेवर बसून भिंत पाहत काढले होते.

तिनं आईचा हात धरला. आधी मले त्या भाऊच्या पाया पडू दे, म्हणाली. आईला हे फार आवडलं. अर्धवट सुटलेला कॅलिपर सावरत, आईच्या खांद्याला धरून ती स्टेजवर चढली. पाया पडायच्या निमित्तानं प्रणालीनं प्रीतमचे दोन्ही हात हातात घेतले आणि फळ उलटावं तसे उलटून पाहिले. चारच वर्षांच्या कुबड्यांनी तिच्या तळव्यांना घट्टे पाडले होते. याचे तळवे मात्र बारा वर्षांनंतरही साफ होते. उलट नखांत सालीचा पिवळेपणा आणि मनगटापासून कोपरापर्यंत फांद्यांचे ताजे ओरखडे.

"माय, तुहा हात दे," ती म्हणाली आणि आईचा हात त्याच्या हाताशेजारी धरला. तेच पिवळेपण, तेच ओरखडे. सुभद्राबाईनं दोन्ही हात निरखले. मग हंगामात वरूडचा माणूस दुसऱ्याला जे विचारतो, तेच तिच्या तोंडून गेलं.

"कोनाच्या बागंत हाय तोडा, भाऊ?"

माइक समोरच होता. प्रीतम बिचारा नाचून दमलेला, आणि प्रश्न रोजचा.

"शेंदुरजन्याले हाय ना जी. परवापासून शिडीवरच आहो. माल बारीक हाय पन."

मग मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि हसू पसरत पसरत पार म्हशींपर्यंत गेलं. बारा वर्षांचा पांगळा परवा शिडीवर होता! लोकांनी घेरल्यावर प्रीतमनं सगळं सांगून टाकलं. प्रत्येक गावात बाबा तिथं अनोळखी असलेला बाहेरचा मजूर रोजावर उचलत, कुबड्या स्वतःच्या सामानातून देत. बरा होणारा माणूस आधीपासून धडधाकट असला की फुंकर कधी वाया जात नाही. बाबा जीपकडे पळाले. ती सुरू होईना, तेव्हा पोरांनी त्यांना बोनेटवर फुंकर मारायचा सल्ला दिला. पोलीस येईपर्यंत ते तिथेच होते.

धुनीजवळ गावातलीच गोदाबाई उभी होती, मुलाच्या मानसिक आजाराच्या गोळ्या पदरात बांधून, धुनीत टाकायला आणलेल्या. प्रणाली माइकजवळ गेली.

"काकू, गोळ्या घरी न्या. काही इचारायचं असंल तर डॉक्टरले इचारा. कोनी बरं करतो म्हने तर आधी त्याचा हात उलटून पाहा. आपन पेटीतला नुसता वरचा थर पाहून माल घेत नाही, मंग हे काहून घेतो?"

गोदाबाईनं पदराची गाठ पुन्हा आवळली.

सुभद्राबाईला मात्र रडू आवरेना. "मले वाटलं तू बरी होशीन वं."

"मी बरीच आहो, माय. मले फक्त उद्या कामावर जायचं हाय."

सुभद्राबाई खाली बसली आणि सोडलेल्या पट्ट्या एकेक करून स्वतःच्या हातानं घट्ट बांधू लागली.