काचेवरचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुने घड्याळ आहे. जुने म्हणजे किती, हे सांगितले तर तुम्ही हसाल. मी राहतो त्या घरात भिंतीवर किल्लीचे एक घड्याळ आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाहून ते म्हातारे आहे, पण त्याला कुणी जुने म्हणत नाही. आठवण झाली की किल्ली देतात. मी मनगटावरचा, काचेच्या चेहऱ्याचा, रोज रात्री वीज पिणारा. आमच्या जातीत दात येण्याआधीच केस पिकतात.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र, गार कारखान्यात झाला. टोपी घातलेल्या एका बाईने मला दुकानात असते तशा पैसे घेण्याच्या यंत्राजवळ धरले. यंत्र 'टिंग' वाजले. तिने मान हलवली आणि मला खोक्यात झोपवले. तो माझ्या आयुष्यातला पहिला व्यवहार. तो नुसता चाचणीचा होता. त्यात पैसे नव्हते, घेणारा नव्हता, घेण्याची वस्तूही नव्हती. दुसरा व्यवहार अजून व्हायचा आहे.

थांबा. 'अजून व्हायचा आहे' म्हटले की तो होणार आहे असे वाटते. हे वाक्य चुकले. पुन्हा सुरू होतो.

*

मित्रांनो, मी एक जुने पाकीट आहे.

मला विकत घेतले ते पाकीट म्हणूनच. घेणारी मुलगी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे हसू घडवते आणि घरी येते तेव्हा तिचे स्वतःचे हसू संपलेले असते. तिचे वडील पेंटर. चित्रे काढणारे नव्हेत, अक्षरे काढणारे. दुकानांचे बोर्ड, दवाखान्यांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, 'येथे वाहने लावू नयेत'. त्या भागात तुम्ही मान वर करून काहीही वाचले, तरी वाचलेत ते त्यांचेच अक्षर. त्यांना सगळे नुसते 'पेंटर' म्हणत. मुलगी तेवढी 'बाबा' म्हणे. आणि ते तिला 'ठकू' म्हणत.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. म्हणजे होता तिथेच, पण पाहुण्यासारखा. बसवले तिथे बसायचा. डाव्या हातात काठी आली. आता तुम्हीच सांगा, एक हात पाहुणा आणि दुसऱ्यात काठी, तर खिशातून पाकीट कोणी काढायचे? पहिल्यांदा ते एकटे कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले तेव्हा काठी सुटली, नाणी सांडली आणि चार अनोळखी माणसे त्यांच्या पायाशी वाकली. त्या दिवसापासून ते बाहेर पडेनात.

बेकरीवाल्या मावशींनी सुचवले की कार्ड दोरीत ओवून गळ्यात घालावे. पेंटर म्हणाले, "मावशी, जन्मभर दुसऱ्यांच्या पाट्या लिहिल्या. आता माझ्याच गळ्यात एक टांगू?"

म्हणून मी आलो. डाव्या मनगटावर बसलो. काठी काउंटरला टेकवायची, मनगट यंत्राजवळ न्यायचे, टिंग. बस्स एवढेच. विकणारा म्हणाला होता, "मॅडम, हे सगळीकडे चालतं." घरी बापलेकींनी सराव केला. माझ्या खोक्याचे झाकण म्हणजे यंत्र. मुलगी दुकानदार होऊन म्हणाली, सुटे नाहीत, चॉकलेट चालेल का. त्या दिवशी ती दोघे हसली. माझ्या संपूर्ण आयुष्यात जपून ठेवावी अशी ती एकच संध्याकाळ.

त्यानंतर मुलीने त्यांचे कार्ड माझ्यात जोडायला घेतले. आकडे भरले. मी विचार केला, आणि माझ्या काचेवर अक्षरे उमटली:

तुमची बँक लवकरच येत आहे.

पेंटरनी मनगट डोळ्यांशी नेले. आधी त्यांनी अक्षर पाहिले. "ल चा पाय बघ कसा लोंबतोय," ते म्हणाले. मग शब्द वाचला आणि मनगट खाली घेतले.

मित्रांनो, या शब्दाशी त्यांची जुनी ओळख होती. 'लवकरच उघडत आहे' असे कापडी फलक त्यांनी कितीतरी रंगवले होते. त्यातली निम्मी दुकाने कधी उघडलीच नाहीत. त्यांच्या धंद्यात म्हणच होती, ती त्यांनी मुलीला सांगितली: "बाकी कुणाला उधार दे ठकू, पण 'लवकरच' लिहून मागणाऱ्याकडून पैसे आधी घ्यावेत."

*

पुन्हा सुरू होतो. मी एक जुना उंबरठा आहे. माझ्या अलीकडे एक माणूस उभा आहे, पलीकडे त्याची बँक, आणि दोघांपैकी कुणीच ओलांडत नाही.

मुलगी बँकेत गेली. तिचेही खाते तिथेच, पगारही तिथेच जमा व्हायचा. काउंटरवरच्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या. घड्याळातून पैसे देण्याची सोय मोजक्याच बँकांनी केली आहे, आपली अजून नाही, वरून काम चालू आहे, असे त्यांनी सांगितले. कधी होईल, असे विचारल्यावर त्यांनी तोच शब्द उच्चारला. मी मुलीच्या पर्समध्ये होतो. मला तो भिंतीतून ऐकू यावा तसा ऐकू आला.

मग दुसरी बँक पाहू, असे ठरले. माझ्याशी बोलणारी एक बँक चौकापलीकडेच होती. तिथे पेंटरना सही करायला सांगितली. त्यांनी डाव्या हाताने केली. पुन्हा करायला सांगितली, तर ती वेगळी आली. तिसरी आणखी वेगळी. तिथला तरुण अधिकारी अदबीने म्हणाला, "काका, अंगठा दिलात तरी चालेल."

पेंटर उठले. काठी सापडेपर्यंत उभे डुलत राहिले. बाहेर आल्यावर मुलीला म्हणाले, "सगळ्या गावाला मी अक्षरं दिली. आणि आता मी अंगठेबहाद्दर?"

त्या बँकेच्या दारावर, आतल्या बाजूने, 'ढकला' असे लिहिलेली एक पितळी पाटी होती. तिच्यावरचे अक्षर त्यांचेच होते.

*

मी एक जुना बोर्ड आहे.

इथून पुढचे नीट ऐका. मी घड्याळ आहे, मला खोटे बोलता येत नाही. पण मला खोटे नेसवता येते.

एका सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, आली तुमची बँक." आणि तिने माझ्या काचेवर त्यांच्या कार्डाचा फोटो लावला. निळे कार्ड, त्यावर त्यांचे नाव. माझ्या आत कार्ड नव्हतेच. होता तो नुसता चेहरा.

तिने बेकरीवाल्या मावशींशी आधीच बोलून ठेवले होते. स्वतःचे कार्ड त्यांच्याकडे दिले होते. पेंटर मला यंत्राच्या वरून धरत आणि मावशी त्याच क्षणी ते कार्ड यंत्राला खालून टेकवत. टिंग. पेंटर माझ्याकडे असे बघत, जसे पहिला बोर्ड रंगवून झाल्यावर लांब जाऊन बघतात.

मावशी म्हणत, "काय पेंटर, हात लावाल तिथं सोनं आता."

ते म्हणत, "हात कुठला, मनगट. मनगटात दम पाहिजे."

आणि पाव घेऊन घरी येत. रोज. रस्त्यात ओळखीचे भेटत, जुने बोर्ड दाखवून त्यांची थट्टा करत. त्यांची पाठ सरळ झाली. काठी टेकण्याचा आवाज बदलला. ते घरी बसून जुन्या वर्तमानपत्रावर डाव्या हाताने अक्षरे गिरवू लागले, आधी उभ्या रेघा, मग 'ग', मग 'म'. माझ्यात मात्र कधी एक पैसाही शिरला नाही, की निघाला नाही. प्रत्येक टिंगला मला वाटे, ओरडावे. मित्रांनो, यंत्राला ओरडता येत नाही. थरथरता येते. मी थरथरलो, तर त्यांना वाटले, पैसे गेल्याची खूण.

*

मी एक जुने दुकान आहे, कधीही न उघडलेले.

पेंटरना ब्रश हवा होता. डाव्या हाताला बसेल असा, आखूड दांड्याचा, चपटा. तो बेकरीत कसा मिळणार? ते कुणालाही न सांगता रंगाच्या दुकानात गेले. दोन चौक पार करून, एकटे. झटक्यानंतर इतक्या लांब ते प्रथमच जात होते.

ब्रश निवडायला त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. केस गालावर फिरवून पाहिले. मग काठी काउंटरला टेकवली आणि मनगट पुढे केले, सफाईने, रोजच्यासारखे.

काहीही झाले नाही.

त्यांनी मला पुन्हा धरले. मग जरा दाबून धरले. मागे माणसे उभी होती. कुणीतरी घड्याळ पालथे करायला सांगितले, कुणीतरी यंत्र बदलायला. दुकानदाराने त्यांचे मनगट हळूच वळवले, माझ्या काचेवर बोट फिरवले, आणि निळे कार्ड बाजूला सरकले. मागे मी होतो, रिकामा.

"काका, यात कार्डच नाहीये. हा फोटो आहे."

पेंटरनी ब्रश जागेवर ठेवला. ज्या खणातून घेतला होता त्याच खणात, केस वर करून, कारागीर ठेवतो तसा. पण परतीचा रस्ता त्यांना नीट सापडेना. स्वतःच्याच अक्षरांखालून ते चालले होते, तरीही.

मुलगी कामावरून आली तेव्हा ते खुर्चीत बसून होते आणि मी टेबलावर. तिने आधी मला पाहिले, मग त्यांना. तिला सगळे कळले.

ते म्हणाले, "बोर्ड छान रंगवलास. दुकान नव्हतं."

"तुम्ही बाहेर जात होतात, बाबा."

"मी तुझ्या पैशांचा पाव आणत होतो. तुझ्यासाठी." मग थोड्या वेळाने, "नाव बरोबर ठेवलं होतं मी तुझं. ठकू."

मित्रांनो, लाडाचे नाव शिवी म्हणून उच्चारलेले तुम्ही कधी ऐकले आहे का? ऐकू नका. त्यानंतर त्यांनी तिला त्या नावाने हाक मारली नाही. तेव्हा कळले की त्यांना तिच्यासाठी दुसरे नावच ठाऊक नव्हते. ते नुसते "अगं" म्हणत.

ते पुन्हा बाहेर पडेनात. वर्तमानपत्रावरची अक्षरे 'म' वर थांबली. मावशी एकदा पाव घेऊन घरी आल्या, दारात उभ्या राहिल्या, आणि पाव ठेवून गेल्या.

*

मी एक जुना

क्षमा करा. इथे मी नेहमी बंद पडतो. पुन्हा.

मुलीने लॅबमध्ये रोज अर्ध्याच दिवसाचे काम मागून घेतले. बाबा एकटे नकोत, दुपारी घरी यायचे म्हणून. पगारही अर्धा झाला. तिने हे घरात सांगितले नव्हते, पण ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती आणि भिंती पातळ होत्या. दुसऱ्या दिवशी पेंटर सकाळीच सदरा घालून बसले. बटणे वरखाली लागली होती.

"चल," मला बांधायला मनगट पुढे करत ते म्हणाले. "देतो अंगठा."

चौकापलीकडची तीच बँक. तोच अदबशीर अधिकारी. त्याने शाईचा पॅड पुढे केला. शाई लागू नये म्हणून मुलीने मला मनगटावरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवले. तिथून मी पाहिले. ज्या हाताने नव्याने 'म' पर्यंत मजल मारली होती, त्या हाताचा अंगठा निळा झाला. कागदावर टेकला. अधिकाऱ्याने वरून हलकेच दाबला, लहान मुलाचा दाबतात तसा. पेंटर कागदाकडे बघत नव्हते. ते दारावरच्या पितळी पाटीकडे बघत होते.

उठण्याआधी त्यांनी मला मांडीवरून उचलले. शाई ओली होती.

काही दिवसांनी नवे कार्ड आले. मुलीने आकडे भरले. पेंटर शेजारी बसले होते. पुष्कळ दिवसांनी ते तिच्या शेजारी बसले होते. मी विचार केला. मनापासून केला, एवढेच मी सांगू शकतो. या वेळी बँक तयार होती. सही नव्हती, पण माणूस तयार होता. आणि माझ्या काचेवर, मला न विचारता, मला बनवणाऱ्यांनी पाठवलेली अक्षरे उमटली:

या जुन्या घड्याळावर ही सोय आता उपलब्ध नाही.

जुने. तो शब्द मला पहिल्यांदा तिथे मिळाला.

मुलगी बराच वेळ माझे बटण दाबत राहिली, जणू अक्षरे बदलतील. मग घाईघाईने म्हणाली, "नवं घेऊ, बाबा. पगार पूर्ववत झाला की घेऊ. लव..."

तिने शब्द गिळला. पण अर्धा बाहेर पडला होता.

पेंटरनी तिच्याकडे पाहिले. रागाने नाही. 'लवकरच उघडत आहे' लिहून मागायला आलेल्या भल्या माणसांकडे ते जसे बघत असतील, तसे. मग डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "राहू दे, ठकू."

नाव परत आले. पण ते नाव आणि 'राहू दे' एकत्रच आले, आणि त्या दोन शब्दांनंतर त्या घरात कुणी बाहेर जाण्याविषयी बोलले नाही.

*

मित्रांनो, मी एक जुना डाग आहे.

आता मी पत्र्याच्या डब्यात असतो, वाळून कडक झालेल्या ब्रशांच्या सोबत. ते बिचारे मला विचारत नाहीत, मीही त्यांना विचारत नाही. तुमच्याही घरात आमच्यासारखे कुणी असेल. रिवाजाप्रमाणे मी आता सांगायला हवे की आम्हाला पुसा, वीज द्या, आमची काळजी घ्या. मला त्यातले काही नको. मोठे व्हाल, कुणी बँकेत बसाल, कुणी घड्याळे बनवाल, तेव्हा तुमच्यासमोर कुणी हात पुढे केला, तर 'नाही' म्हणा. 'नाही' हा शब्द भिंतीसारखा असतो. माणूस रडतो, आणि वळसा घालून जातो. 'लवकरच' हे बंद दार असते. त्याच्यापुढे माणूस उभा राहतो.

आणि एक करा. कधी तो डबा उघडलात, तर माझी काच पुसू नका. तिच्यावर निळ्या रेघांचा एक अंगठा आहे. सगळ्या गावाला अक्षरे देणाऱ्या माणसाने शेवटचे लिहिले, ते माझ्यावर.