मुद्दाम ठेवलेला मळ

भट्टीमास्तरांनी उभ्या जन्मात पोलादात मळ राहू दिला नव्हता. गंधकाचा नुसता संशय आला तरी चुना टाकायचा, वर आलेली मळी ओढून काढायची, तेव्हा कुठे त्यांना चैन पडे. आणि आता घरचीच सून, कारखान्याच्या प्रयोगशाळेतली धातुतज्ज्ञ, म्हणत होती, "बाबा, यात गंधक घालायचाय."

"अगं, जन्मभर जो काढला तो आता घालू? म्हातारपणी तोंडाला काळं फासायचं ठरवलंयस का माझ्या?"

सून हसली, पण हट्ट सोडेना. कारणही तसंच होतं. मास्तरांचा मुलगा लेथवर काम करायचा. यंत्रांचे बारीक भाग सहज कापले जावेत म्हणून त्याच्याकडच्या पोलादात शिसं असे, आणि ते हळूहळू त्याच्या रक्तात उतरलं. डॉक्टरांनी लेथ बंद करायला लावला. लेथपुढे ज्याला तहानभूक आठवत नसे तो आता गोदामात खोकी मोजत होता. लेथ सुटला तरी धसका काही सुटला नव्हता. घरी आल्यावर कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय तो तान्ह्या लेकीला घेत नसे. शिशाऐवजी गंधक घातलेलं पोलाद तसंच सहज कापलं गेलं, तरच त्याला लेथ परत मिळणार होता.

मास्तर कसेबसे तयार झाले, पण पहिला प्रयोग पार फसला. मुलाने टूल टेकवलं तर कापलेल्या धातूचा कीस तुटेचना; लांबच लांब गुंडाळी निघून टूलभोवती गुरफटली आणि यंत्र थांबवावं लागलं. मुलाचा चेहरा उतरला. सुनेने तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "यात गंधक नाहीच! हे तर लख्ख स्वच्छ आहे."

"मीच टाकला चुना," मास्तर पुटपुटले. "सवयीने. फावडं कधी उचललं, कळलंच नाही."

"म्हणजे मलाच चुना लावलात की, बाबा!"

पुढच्या खेपेला तिने फावडं कपाटात घालून किल्ली कमरेला खोचली, आणि मोजून गंधक नि त्याचे दाणे बनवणारं मँगनीज घातलं. सळई तयार झाल्यावर तिने सासऱ्यांनाच आधी बघायला बसवलं. मास्तरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ते श्वास घ्यायचं विसरले. चकाकत्या पोलादात राखाडी ठिपके, मोहरीसारखे, सुटे सुटे, जिकडे बघावं तिकडे. ज्याच्याशी ते जन्मभर भांडले तोच हा मळ, आणि किती देखणा! कुणी बसून एकेक दाणा पेरावा तसा.

"इथेच कीस तुटेल," सून हळूच म्हणाली.

"आणि भाग मोडला तर?"

"सळईला ताण देऊन पाहिलाय. टिकते."

मुलाने लेथ सुरू केला. तडतड तडतड, तांदूळ सांडावेत तसा कीस ट्रेमध्ये पडू लागला. मास्तरांच्या अंगावर काटा आला. त्या एवढ्याशा ठिपक्यांनी पोलादाला नमवलं होतं! मुलाने तयार भागावरून नख फिरवलं आणि दुसरा तुकडा लावला, मग तिसरा.

संध्याकाळी तिघं घरी आली तेव्हा लेक दारातच रांगत आली आणि बापाकडे हात पसरून बसली. मुलाचे हात तेलाने काळे होते. तो सवयीने मोरीकडे वळला.

"अरे, नुसतं तेल आहे," सून म्हणाली. "धुतलं की निघेल. घे तिला."

त्याने घेतलं. पांढऱ्या झबल्यावर पाच काळी बोटं उमटली, आणि जन्मात कुठे डाग खपवून न घेतलेले मास्तर डोळे पुसत म्हणाले, "हे झबलं मात्र धुवायचं नाही हं."