बाबलीचा फॉर्म्युला

बाबलीच्या बागेतला हापूस गावात सगळ्यांच्या आधी उतरायचा. त्याचं श्रेय बाबली कलमांना देत नसे, देवाला तर नसेच. ते होतं त्याच्या फॉर्म्युल्याला. मोहोरावर मारायची तीन औषधं कुठली, हे गुपित तो पोरीच्या न ठरलेल्या लग्नासारखं जपायचा. गणपतीआधीच बाटल्या आणून मागच्या पडवीत ठेवायच्या, दिवाळी झाली की बादलीत भिजत घालायच्या, लेबलं सोलून चुलीत जाळायची आणि बाटल्यांवर नुसते आकडे टाकायचे. एक, दोन, तीन. दुकानातून पावतीसुद्धा घ्यायची नाही, कारण पावती म्हणजे पुरावा. हा सगळा बंदोबस्त बांधापलीकडच्या सुदेशसाठी होता. सुदेशचा आंबा पंधरा दिवस मागून यायचा आणि त्या पंधरा दिवसांवर बाबली वर्षभर मिशीला पीळ देत जगायचा.

पौषातल्या एका सकाळी त्याची बायको सुशीला टाकीत औषध कालवत होती. दरवर्षी तीच कालवायची. नळी धरून फवारायचं मानाचं काम नवऱ्याचं. हातमोजे वगैरे लाड त्या घरात नव्हते. ‘इतकी वर्षां काय झाला?’ हा बाबलीचा सुरक्षेचा एकमेव नियम. दहाच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, तोंडातून लाळ गळू लागली आणि ती बांधावरच कोसळली.

वाडीत चारचाकी एकच, तीही सुदेशची. बाबलीने दात-ओठ खात हाक मारली. सोबत पुतणी नम्रताही निघाली. पोरगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली होती, आणि बाबलीच्या मते हे शिक्षण लग्नाच्या पत्रिकेत छापायला बरं होतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सुशीलाच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. “लक्षणं बघून मी इंजेक्शन सुरू केलंय. पण टाकीत नेमकं काय काय होतं?”

“स्पेशल होतं, डॉक्टर,” बाबली म्हणाला.

“नाव?”

“एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू आता यालाही एखादं इंजेक्शन द्यावं लागणार. नम्रता मोबाईल काढून तयारच होती. “काका, खरां नाव सांग. नाव गावला की सगळा गावतला.”

आणि ते खरंच होतं. जगातल्या बहुतेक रसायनांचं माहितीपत्रक तिच्या मोबाईलवर निघत होतं. अंगावर सांडलं तर काय करायचं, पोटात गेलं तर काय, डॉक्टरांसाठी सूचना वेगळ्या. कुठल्या देशात कोणी कुठल्या उंदरांवर काय प्रयोग केले, तेही फुकट वाचायला मिळत होतं. एवढं सगळं उघडायला फक्त नाव लागत होतं, आणि नाव चुलीत गेलं होतं.

“एक नंबराक निळा बूच होता,” बाबली पुटपुटला. इंग्रजी नावं त्याला कधी पाठच नव्हती; दुकानात तो नेहमी बाटलीकडे बोट दाखवायचा.

नम्रताने दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, निळ्या बुचाची माझ्याकडे अकरा औषधं आहेत, पावती बघून सांगा. बाबलीला रडू कोसळलं. चारचौघांत, सुदेशच्या देखत, तो हुंदके देऊन रडला.

दाराशी उभा सुदेश बराच वेळ मान खाजवत होता. शेवटी त्याने स्वतःचा मोबाईल नम्रतापुढे धरला. “गणपतीत तुमच्याकडे भजनाक इललंय, तेव्हा फोटो काढललंय. हात धुवूक मागे गेलंय ना, तेव्हा. गेल्या वर्साय काढललंय.”

तिन्ही बाटल्या, तिन्ही लेबलं, अगदी स्पष्ट. लाज वाटावी अशी गोष्ट, पण बाबलीच्या मनात आधी आलं ते ‘चोरटो!’ सुशीलाचा विचार त्यानंतर आला.

नम्रताने नावं टाकली, पत्रकं उघडली आणि डॉक्टरांना वाचून दाखवली. दुसऱ्या बाटलीतल्या द्रव्यासाठी वेगळी खबरदारी लागत होती. डॉक्टरांनी नर्सला हाक मारून उपचार बदलला.

“तू हीच औषधां मारलंस?” बाबलीने न राहवून सुदेशला विचारलं.

“तीच. तरी गेल्या वर्सा आंबो मागसूनच इलो. तुझी बाग उतरणीक, उन्हात आसा रे. औषधाचा काय एक नाय.”

म्हणजे फॉर्म्युलाही नव्हताच.

संध्याकाळी सुशीलाने डोळे उघडले. धोका टळला होता. सुदेशच्या फोटोची गोष्ट नम्रताने तिला रंगवून सांगितली, तिला हसू यावं म्हणून. सुशीला हसली नाही. तिने बाबलीकडे मान वळवली.

“इतकी वर्षां टाकी मी कालवतंय. नाव सुदेशाक म्हायत होता. माका नाय.”