ध्रुवचा निर्दय वेढा

ध्रुव सहा महिने ओहायोत राहून आला तो वीस पैलूंचे फासे आणि जगाबद्दलचा कडवटपणा घेऊन. फासे खरे होते. कडवटपणा नवाकोरा, अजून घडीसुद्धा न मोडलेला.

त्या साली, म्हणजे सत्त्याण्णवच्या आश्विनात, दर रविवारी बनशंकरीला प्राणेश आणि त्याची बहीण मनस्विनी यांच्या घरी तो खेळ मांडायचा. वेताच्या खुर्चीत बसून ध्रुवने गोष्ट सांगायची, या दोघांनी त्यातली माणसं व्हायचं, आणि जगणं-मरणं फाशावर.

"माझ्या गोष्टीत उडते घोडे नाहीत," तो बजावायचा. "चेटकीण एकच, आणि तिला फक्त चामखीळ घालवता येते. बाकी निव्वळ युद्ध. निर्दय!" असं म्हणून तो अक्कांचा तिसरा रवा लाडू उचलायचा. अक्का म्हणजे या भावंडांची आत्या, अहल्या. जेवायला अर्धा तास उशीर झाला तर ध्रुवचं कपाळ दुखे. सैन्य म्हणून त्याने जे काही पाहिलं होतं, ते मिलिटरी हॉटेल नावाच्या सामिष खानावळीत, बिर्याणीच्या ताटाआडून.

"एकदा मी सांगू का गोष्ट?" मनस्विनीने विचारलं.

"त्याला अनुभव लागतो गं. चार महिन्यांच्या वेढ्यात तुमच्यातलं एक जरी जगलं, तर ही खुर्ची तुझी. कायमची."

"सरी," मनस्विनी कानडीत बरं म्हणाली.

प्राणेश झाला किल्ल्यातल्या मठाचा आचारी, मनस्विनी त्याची बहीण. शस्त्र एकच, उलथनं. बाहेर दहा हजारांची फौज, दिवसातून चारदा चापून जेवणारी. तिच्या जेवणाचं वर्णन ध्रुव फार मायेने करी. नियमही त्याचाच: ताटातला नेहमीचा पदार्थ तुटला की धीराचा फासा टाकायचा, दहाच्या खाली पडला की हुकला, आणि हुकला की माणूस संपला. "दोन्ही बाजूंना सारखा! युद्ध कुणाला सोडत नाही."

पहिल्या रविवारी त्याने मुलूखभरची शेतं जाळली. "भाजी संपली. टाका फासा."

"किल्ल्यात महिना कुठला?" मनस्विनीने विचारलं.

"आषाढ."

"एकादशी झाली?"

"झाली, बाई! काय फरक पडतो?"

"मग आचारी भाजी खातच नाही. चातुर्मासातलं पहिल्या महिन्याचं शाकव्रत. चिंच-मिरचीसुद्धा नाही, मिरीवर भागवतो. नेहमीचं काही तुटलंच नाही की!"

ध्रुव हिरमुसला. मनस्विनीने लगेच हात जोडले. "पण ध्रुवअण्णा, श्रावणी एकादशीनंतर दही मात्र हिरावू नका. मरेल हो बिचारा!"

झालं! पुढच्या रविवारी शत्रूचे हेर भिंत चढून आले आणि विरजण नासवून गेले. जगाच्या इतिहासात विरजणावर चालून गेलेली फौज तेवढीच.

"अय्यो, दधिव्रत लागलं की, महिनाभर दही वर्ज्य! विसरलेच मी." मग ती दुधासाठी कळवळली, त्याने गाई पळवल्या, क्षीरव्रत निघालं. डाळीसाठी रडली, त्याने कोठार पेटवलं, द्विदलव्रत. पंचांग बघून लुटालूट करावी तशी ही लूट, आणि शहाण्याला चौथ्या खेपेपर्यंत वास आला नाही.

"आता तुमच्या फौजेचं बघू," प्राणेश म्हणाला. "शेतं तुम्हीच जाळलीत. मग भाजी कुठली? बकऱ्यांना चारा कुठला? टाका फासे."

फौजेला कसलंच व्रत नव्हतं. ध्रुव टाकत गेला, पलटणी पळत गेल्या. चेटकिणीने पळणाऱ्यांच्या चामखिळी तेवढ्या उतरवून दिल्या. शेवटी दरवाज्याशी एकटा सेनापती उरला, मिरीच्या सारासाठी वाटी पुढे करून. आचाऱ्याने उलथन्यानेच त्याला आत बोलावलं.

"यात शौर्य कुठंय?" ध्रुव कुरकुरला.

"पानं मांडलीत," अक्का आतून म्हणाल्या. "आज जेवूनच जायचं."

ध्रुवने भात कालवला, इकडे-तिकडे पाहिलं. "अक्का, वरण?"

"आपल्याकडेही द्विदलव्रत की रे, डाळ बंद. कार्तिकी एकादशीनंतर ये."

मनस्विनी वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. तिने फासा त्याच्या पानाशी ठेवला.

"सेनापती, धीराचा फासा टाका."

त्याने टाकला. एक आला.