साडेबारा तासांचा दिवस

आईने अंबाडी पेरली ती सात जूनला, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवशी मृग लागत होता. शारजात तेव्हा चव्वेचाळीस अंश होते. मी म्हटलं, मृगाचा आणि आपण राहतो त्या अल नहदाचा काही संबंध नाही. ती म्हणाली, पेरणी मृगावरच करतात. इथे येईपर्यंतचं तिचं सगळं आयुष्य ठाण्यात फ्लॅटमध्ये गेलं होतं, तिने कधी काही पेरलं नव्हतं. बहुधा म्हणूनच ती नियम मोडायला तयार नव्हती.

बी फ्रान्सिस अंकलनी दिलं होतं. ते वसईचे, आमच्याच मजल्यावर राहायचे, एका हॉटेलच्या किचन स्टोअरला होते. मार्च २००९ मध्ये हॉटेलने अर्धी माणसं कमी केली आणि अंकल व नोरा आंटी चार दिवसांत घर रिकामं करून गेले. जाताना त्यांनी आईच्या हातात एक पुडी ठेवली, वर लिहिलं होतं, ‘अंबाडी. ऑक्टोबरमध्ये पेरा.’ मग त्यांचा इथला नंबर बंद झाला. वसईचा आमच्याकडे नव्हता.

अकरा रोपांतली चार जगली. ऑगस्टपर्यंत त्यांची पानं साधी, बदामाच्या आकाराची होती. मग रोपं गुडघ्याच्या वर गेली आणि नवीन पानं फाटायला लागली. आधी तीन बोटं, मग पाच, मग सात, प्रत्येक बोटाला करवतीसारखे दात. सप्टेंबरअखेर झाडं सात फूट होऊन कठड्याच्या वर डोलत होती.

त्याच सुमारास बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, अजीज बाबांना लिफ्टपाशी म्हणाला, “साब, वो पौधा क्या है? पार्किंगवाले ऊपर देख के हँसते हैं.”

बाबा खाली जाऊन स्वतः बघून आले. असं पान त्यांनी एकदा कुणाच्या टी-शर्टवर पाहिलं होतं आणि ते गांजाचं आहे हे त्यांना ऑफिसातल्या मुलांनी सांगितलं होतं. बाबांची जुनी कंपनी ऑगस्टमध्ये बंद पडली होती. अजमानला नवी नोकरी मिळाली होती, पण पासपोर्ट व्हिसासाठी गेलेला होता. अशा वेळी पोलिसांनी नुसतं दार वाजवलं तरी आम्ही तिघंही परतीच्या विमानात असतो, असं ते म्हणाले.

“यल्ला, खलास. उद्या उपटून टाका.”

“अहो, अंबाडीच आहे ती.”

“झाडावर पाहिलीयस कधी?”

आईने अंबाडी पाहिली होती ती बाजारातली, कोवळी, जुडी बांधलेली. मग उपटून टाकायची कुठे हा प्रश्न निघाला. लिफ्टमध्ये कॅमेरा होता. कचऱ्याचा डबा रस्त्यावर, मशिदीसमोर. ठेवली तर लोक बघणार आणि नेली तर लोक विचारणार. त्या रात्रीपुरती झाडं वाचली.

मी फिजिक्सची बी.एस्सी. करून नुकतीच पुण्याहून आले होते. मला वाटलं, हा प्रश्न मोजून सुटण्यासारखा आहे. मी एक पान चावून पाहिलं. थोडं आंबट लागलं. पण दुसऱ्या त्या वनस्पतीची चव कशी असते मला माहीत नव्हतं. तीही आंबट असेल. तुलनेसाठी पान कुठून आणणार? नेटवर चित्र पाहावं तर बाबांनी सक्त ताकीद दिली होती की आपल्या कनेक्शनवरून तो शब्द टाकायचा नाही. मी फक्त अंबाडी शोधली. दुसऱ्याच ओळीत तिचं शास्त्रीय नाव आलं आणि त्यातला अर्धा भाग गांजाच्या इंग्रजी नावासारखाच होता. मी घाईने खिडकी बंद केली, पाच मिनिटांनी पुन्हा उघडली.

त्यातून एक गोष्ट कळली. दिवस साडेबारा तासांपेक्षा मोठा असेतो अंबाडी नुसती वाढत राहते. दिवस त्याहून लहान झाला की वाढ मंदावते आणि कळ्या धरतात. म्हणजे अंकलचं बरोबर होतं. ऑक्टोबरमध्ये पेरली असती तर ती कठड्याखालीच फुलली असती. आईच्या मृगाने तिला जूनचे पावणेचौदा तासांचे दिवस दिले आणि ती सात फूट झाली. मला हे फार पटलं. मग पुढच्या परिच्छेदात होतं की ती दुसरी वनस्पतीही हाच नियम पाळते. तीही लहान दिवसांतच फुलते. म्हणजे पुडीवरच्या ‘ऑक्टोबर’ने काहीच सिद्ध होत नव्हतं. फुलाने मात्र निकाल लागणार होता. अंबाडीचं फूल मोठं, फिकट पिवळं, मध्ये गडद डाग.

शारजात दिवस साडेबारा तासांच्या खाली गेला होता सात सप्टेंबरच्या आसपास. मी बाबांना सांगितलं, पंधरा ऑक्टोबरपर्यंत कळ्या येतील, तेवढं थांबा. ते थांबले. रोज सकाळी ऑफिसला जाताना बाल्कनीकडे न बघता विचारायचे, “एनी प्रोग्रेस?”

पंधराला एकही कळी नव्हती. मी गणित तीनदा तपासलं. सूर्य बरोबर होता. मग झाड चुकीचं होतं, की मी?

दोन दिवसांनी संध्याकाळी मी बाल्कनीत पेपर वाचत होते. साडेसात वाजले होते, आमचा दिवा बंद होता आणि मला बारीक अक्षरं दिसत होती. समोरच्या टॉवरचं काम जानेवारीपासून ठप्प होतं, पण चोऱ्या होऊ नयेत म्हणून साइटवरचा मोठा फ्लडलाइट रात्रभर जळायचा, थेट आमच्यावर. झाडांच्या लेखी अजून जूनच चालू होता.

आईने रोल्याच्या बाजारातून काळं अस्तराचं कापड आणलं. सहा दिरहम मीटर, म्हणजे जवळजवळ ऐंशी रुपये, असं तिने लिफ्टमध्ये, जिन्यात आणि घरात मिळून तीनदा सांगितलं. संध्याकाळी सहाला झाडं झाकायची, सकाळी सहाला उघडायची. ऑक्टोबर संपताना शेंड्यांना काटेरी हिरव्या कळ्या दिसल्या. कळी बघून मला काहीच कळेना. मी फुलाची वाट बघत राहिले.

पाच नोव्हेंबरला नोटीस लागली. बिल्डिंगच्या ऑफिसचा माणूस रविवारी प्रत्येक बाल्कनी तपासणार होता, कुणी विनापरवाना टीव्हीची डिश लावलीय का ते बघायला. शनिवारी मी आईबरोबर भाजी घेऊन आले तेव्हा चारही झाडं तुकडे होऊन बाथटबमध्ये पडली होती. बाबा स्टुलावर बसले होते, हातात भाजीची सुरी.

“मी थांबलो असतो गं,” ते म्हणाले. “पण माझ्याने होईना.”

मला राग आला होता की नाही आठवत नाही. मी एक कळी उचलली, पांढऱ्या बशीत ठेवली आणि आईच्या सुईने उभी चिरली. आत पाकळ्या मिटलेल्या छत्रीसारख्या गुंडाळलेल्या होत्या. मी त्या एकेक करून पसरल्या. पाच. फिकट पिवळ्या. प्रत्येकीच्या बुडाशी वांग्याच्या रंगाचा डाग.

बाबा स्टुलावरून उठून बशीवर वाकले. “हे आठ दिवसांपूर्वी करता आलं असतं ना?”

आलं असतं. मला ते का सुचलं नाही, मला आजही सांगता येत नाही. माझं सगळं गणित फुलाचं होतं, कळीचं नव्हतं. आई टबाच्या कडेला बसून कोवळी पानं निवडायला लागली.

रविवारी सकाळी नव्या कंपनीच्या माणसाने बाबांचा पासपोर्ट आणून दिला. व्हिसा लागला होता. अकरा वाजता बिल्डिंगच्या ऑफिसचा माणूस आला, त्याने रिकाम्या कुंड्यांवरून बाहेर डोकावून पाहिलं, फाइलमध्ये खूण केली आणि निघाला.

“एक मिनट,” बाबा म्हणाले. ते आत गेले आणि बशी घेऊन आले. पाकळ्या कडेने वाळून वळल्या होत्या. “यहाँ अंबाडी थी. देखिए, पीला फूल.”

त्या माणसाने बशीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, “अच्छा,” म्हणाला आणि शेजारच्या दाराची बेल वाजवली.

बाबा बशी धरून उंबऱ्यातच उभे होते. “समजलं असेल ना त्याला?”

मी म्हटलं, माहीत नाही.