विमानाच्या तिकिटांची आवक

माझे यजमान गौरीशंकर नळदुर्गातल्या आमच्या आडत दुकानात बसले, की आधी सोयाबीनचा भाव बघतात आणि मग गुवाहाटीच्या विमानाचा. दोन्ही बघून मोबाइल पालथा ठेवतात. आपल्याला घाई आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. समोर कोणीही नसतं.

आमची महेश्वरी गुवाहाटीला डॉक्टरकीचं पुढचं शिकते. दिवाळीला तिला रजा नव्हती, नाताळात आठवडाभर होती. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, मलाही तेव्हाच सुटी. म्हणून हैदराबादहून जाणारं विमान मी गणपतीतच शोधून ठेवलं होतं.

"थांब गं," हे म्हणाले. "दसऱ्यानंतर आवक वाढली की भाव पडतोच."

"अहो, विमानात खुर्च्या पेरत नाहीत. आहेत तेवढ्याच राहणार."

"तुला फिजिक्स येतं, बाजार न्हाय."

दसऱ्यानंतर भाव चढला. चढत्या भावात कुठं घ्यायचं, म्हणून थांबलो. दिवाळीनंतर थोडा उतरला, तर म्हणे अजून उतरू दे. मग घ्यायचं तरी कधी, असं मी विचारलं.

"मॅडमला घाई लई," हे दिवाणजींना, बिरदेवला, म्हणाले.

बिरदेवनं मान वर न करता सांगितलं, "मालकांनी मागं तूर अशीच धरली होती, मॅडम. भाव आला की. तवर निम्मी किडली."

"तू पोती मोज!"

काल दुपारी दुकानात असतानाच महेश्वरीचा फोन आला. "आई, तिकिटं काढली का? येणार नसाल तर मैत्रिणीला माझी रजा देते. तिला घरी जायचंय. आजच सांगावं लागेल."

मी फोन चालू ठेवूनच तिकिटं पाहिली. जाता येईल अशा विमानात एकच जागा उरली होती. ह्यांना दाखवली.

"एकच? म्हंजे उरलेला माल. संध्याकाळी पाडून मागू."

मी माझं नाव टाकलं, पैसे भरले, तिकीट आलं.

"आणि माझं?"

"जागा नाही."

ते बिरदेवकडे वळले. "बघितलंस? भर तेजीत घेतलं."

"आई, बाबा काय म्हणतायत?" महेश्वरी विचारत होती. मी फोन घेऊन बाहेर रस्त्यावर आले आणि ट्रकांच्या आवाजात तिला ओरडून सांगितलं, की मी एकटीच येतेय, रजा कोणालाही देऊ नकोस.