उलटे दात

"उठायचं नाही आणि कशाला हात लावायचा नाही," सुतार बायकोला म्हणाला. "हात एकच असला तरी घर माझंच आहे."

बायको उंबऱ्यावर बसली. शेजारी भरलेली पिशवी. बाहेर ऊन रणरणत होतं, शेतातली ढेकळं विटेसारखी कडक झाली होती. लेकीचे दिवस भरत आले होते, तिने आईला बोलावलं होतं. पण नवऱ्याने आपलं आपण रांधून दाखवल्याशिवाय बायको हलणार नव्हती. गाडीला तासभर उरला होता.

गेल्या साली कडबा कापायच्या यंत्राने सुताराचा उजवा पंजा नेला. कोणी हळहळलं की तो म्हणायचा, "चाळीस वर्षं मी लाकूड कापलं, एकदा मला कापलं. फिटंफाट!"

पाटातून वर आलेल्या दोन खिळ्यांवर कांदा रोवून त्याने डाव्या हाताने झकास चिरला. भाजी चुलीवर गेली. राहिली मिठाची बरणी. त्यासाठी भिंतीवरच्या फळीला खाच पाडून त्याने आत करवतीच्या पात्याचा तुकडा बसवला होता. झाकण खाचेत अडकवायचं, बरणी फिरवायची.

त्याने फिरवली. दात घसरले. जोर लावला, पुन्हा घसरले. चिडून उलटी फिरवली, तर दातांनी झाकण असं धरलं की ते दुप्पट आवळलं.

"वा! चोराची भीती गेली," बायको म्हणाली.

सुतार बरणीकडे बघत राहिला आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, जन्मभर झाकण फिरवलं. इथे झाकण जागेवर, बरणी फिरते! दात उलटे बसवले मी. गावाच्या दारांची मापं काढणारा मी, अन् मिठाच्या बरणीने माझी मापं काढली."

"देऊ उघडून?"

"बस तिथंच!"

त्याने फळी उतरवली, गुडघ्यांत दाबली, पातं पालटलं. एक स्क्रू चुलीमागे घरंगळला, तो रांगत जाऊन काढला. तेवढ्यात चौकात गाडीचा भोंगा वाजला. फळी परत चढली, बरणी फिरली, झाकण टक्कन सुटलं.

"आता चार दिवस जास्त राहिलीस तरी चालेल," सुतार छाती फुगवून म्हणाला.

"एका हाताने एवढी मिजास! दोन्ही असते तर मला उंबऱ्यावरसुद्धा बसू दिलं नसतं," म्हणत तिने पिशवी उचलली. डोळे पुसले, कांद्याला एक शिवी दिली आणि धावत सुटली.

सुतार ऐटीत जेवायला बसला. पहिला घास घेतला आणि थांबला.

भाजीत मीठ घालायचंच राहिलं होतं.

त्याने रस्त्याकडे पाहिलं. धूळ खाली बसली होती, बघायला कोणी नव्हतं. तरी बरणीला हात न लावता अळणी भाजी त्याने बोटं चाटून संपवली.